शाल-श्रीफळाच्या पुढे

8 ऑक्टोबर 2010 चा दिवस. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर राष्ट्रकुल स्पर्धेतील महिलांची 10,000 मीटरची शर्यत सुरू होती. चारशे मीटरच्या धावमार्गाला पंचवीस फेऱ्या. अर्ध्या तासाहून अधिक काळ चालणारी ही शर्यत धावणारीच्याच नव्हे, तर पाहणाऱ्याच्याही संयमाची परीक्षा घेते आणि आपल्याकडे तर लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे लक्ष देण्याची फारशी कोणाला सवय नव्हती. केनियाच्या दोघी पुढे निघून गेल्या. त्यांच्यामागून 33 मिनिटे 5.28 सेकंदांत तिसऱ्या क्रमांकावर रेषा ओलांडली ती नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या वनवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊतने. राष्ट्रकुल स्पर्धेत धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. 1958 साली कार्डिफ येथे मिल्खासिंग यांनी सुवर्णपदक जिंकले होते. त्यानंतर अशा वैयक्तिक पदकासाठी देशाला 52 वर्षे वाट पाहावी लागली होती.

पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धा झाल्या. 10,000 मीटरमध्ये केरळच्या प्रीजा श्रीधरनला सुवर्ण आणि कविताला रौप्य मिळाले. दोघींच्या वेळेत पुरत्या एका सेकंदाचेही अंतर नव्हते. 5,000 मीटरमध्ये कविताने कांस्यपदकही मिळवले. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणायला सुरुवात केली. नाशिकमध्ये मिरवणुका निघाल्या, कमानी उभ्या राहिल्या, शाली आणि श्रीफळे आली. 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

या कौतुकात गैर काहीच नाही. परंतु विजय मिळवणाऱ्या मुलीचे कौतुक झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न विचारण्याची आपल्या समाजाला सवय नाही. एखाद्या खेळाडूला मिळालेली कीर्ती हे एक प्रकारचे भांडवल असते. ते योग्य ठिकाणी गुंतवले, तर तिच्यामागून येणाऱ्या दहा-वीस मुलींची वाट सोपी होते. गुंतवले नाही, तर ते दोन-चार वर्षांत जुन्या वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर संपून जाते. हे भांडवल कोणी, कसे गुंतवले आणि नाशिकमध्ये त्याचे काय झाले, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पंचवीस फेऱ्यांमागचा इतिहास

ज्या शर्यतीने कविताला नाव मिळवून दिले, ती शर्यत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी 1988 च्या सोल स्पर्धेपर्यंत अस्तित्वातच नव्हती. 1928 साली अ‍ॅमस्टरडॅम येथे स्त्रियांना प्रथम 800 मीटर धावू देण्यात आले. शर्यतीनंतर काही धावपटू थकून मैदानावर बसल्या, काहींनी अंग टाकले. पुरुषांच्या शर्यतीनंतरही हेच घडते. पण बायकांच्या बाबतीत त्याचा गवगवा इतका झाला, की ही शर्यतच कार्यक्रमातून काढून टाकण्यात आली. ती परत यायला 1960 चे रोम उजाडावे लागले. स्त्रीदेहाला लांबचे अंतर झेपत नाही, हा समज केवळ पूर्वेकडचा नव्हता. स्वतःला पुढारलेले म्हणवणाऱ्या पाश्चात्त्य देशांतील वैद्य आणि क्रीडा-पदाधिकारीही तो उराशी बाळगून होते.

1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर या तरुणीने आपल्या नावाची केवळ आद्याक्षरे लिहून प्रवेश मिळवला. शर्यत सुरू असताना एक पदाधिकारी तिच्यावर धावून आला आणि तिच्या अंगावरचा 261 हा क्रमांक ओरबाडण्याचा प्रयत्न त्याने केला. ते छायाचित्र जगभर गेले. स्विट्झर थांबली नाही. तिने शर्यत पूर्ण केली. मात्र खरी महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. त्या एका छायाचित्राने मिळालेली प्रसिद्धी तिने मिरवली नाही, कामाला लावली. 1972 साली बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला. पुढे तिने अनेक देशांत खास स्त्रियांच्या रस्ता-शर्यती भरवल्या आणि स्त्रिया हे अंतर धावू शकतात, याचा ढीगभर पुरावा ऑलिंपिकच्या धुरीणांपुढे उभा केला. 1984 साली लॉस एंजलिस येथे महिलांची मॅरेथॉन प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली.

त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1985 साली, कविता राऊतचा जन्म झाला. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण मिळवून ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. तिथे ती 120 वी आली आणि त्यावर पुष्कळ नाकेही मुरडली गेली. परंतु त्या प्रारंभरेषेपर्यंत पोहोचण्याचा हक्क कुणा स्त्रीला कसा मिळाला, हे नाके मुरडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

महाराष्ट्रातल्याच मुलींनी

हे सारे परदेशातच घडले, असे समजण्याचे कारण नाही. बुद्धिबळाच्या पटावर मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी जे केले, ते कोणत्याही मैदानी पराक्रमाहून कमी नव्हते. 1974 साली झालेली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरने जिंकली. पुढील काही वर्षे वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींचाच त्या विजेतेपदावर अंमल होता. 1976 साली रोहिणीने थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा ती परकरी वयाची मुलगी होती. तिच्या सहभागावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. एका मराठी घरातील मुलीच्या हट्टामुळे जगातील सर्व मुलींसाठी एक दार उघडले. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्यावर स्तुतिसुमने उधळणाऱ्यांना खाडिलकर भगिनींची आठवण झाली असती, तर बरे झाले असते.

क्रिकेटमधील उदाहरण याहून निराळे आहे. 1973 साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते अवघे तीन. भारतीय महिला क्रिकेट संघटना त्याच वर्षी स्थापन झाली होती. पैसा नव्हता, प्रेक्षक नव्हते, मुली अनारक्षित डब्यातून प्रवास करीत. त्या काळात नाव मिळवलेल्या डायना एदलजी यांनी पश्चिम रेल्वेतील आपल्या पदाचा उपयोग करून महिला क्रिकेटपटूंसाठी रेल्वेच्या नोकऱ्यांची वाट रुंद केली. मध्यमवर्गीय घरात मुलीच्या खेळाला विरोध असतो, तो बहुधा खेळाला नसतोच. उद्याच्या अनिश्चिततेला असतो. महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार दिसला, की बापाचा सूर बदलतो. एदलजींनी हे ओळखले होते. त्यांनी भाषणे कमी केली आणि नेमणूकपत्रे मिळवून दिली. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना घराघरांत पोहोचली. त्या रात्री संघाने चषक मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्या हाती दिला. ज्यांनी पन्नास वर्षे पाया रचला, त्यांची त्या तरुण मुलींना जाणीव होती, हे त्या दृश्यात दिसले.

केरळच्या पी. टी. उषाने तर आपली कीर्ती अक्षरशः दगडाविटांत गुंतवली. 1984 साली लॉस एंजलिसमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचे कांस्यपदक हुकले. त्या हुकलेल्या पदकाने तिला जेवढी लोकप्रियता दिली, तेवढी अनेकांना जिंकलेल्या पदकांनीही दिली नसेल. 2002 साली तिने मुलींसाठी निवासी प्रशिक्षणशाळा काढली. तिथल्या टिंटू लुकाने 2010 मध्ये 800 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. लांब उडीत 2003 साली जागतिक कांस्यपदक मिळवणाऱ्या अंजू बॉबी जॉर्जने बंगळुरूत हाच मार्ग धरला. तिच्याकडे घडलेल्या शैली सिंगने 2021 साली नैरोबी येथे 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. सुवर्ण एका सेंटिमीटरने हुकले. त्याच वर्षी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने अंजूचा जो गौरव केला, तो उडीसाठी नव्हता, मुली घडवण्याच्या कामासाठी होता.

नाशिकची साखळी

नाशिकमध्ये मात्र जे घडले, त्याला ना मोठ्या इमारतीचे रूप आले, ना एखाद्या खेळाडूच्या नावाची पाटी लागली. इथे एक साखळी तयार झाली. प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्याकडे सराव करणाऱ्या गटात कविता घडली आणि तिच्या यशानंतर त्या गटाकडे येणाऱ्या मुलींची रीघ लागली. मोनिका आथरे 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. भोसला सैनिकी महाविद्यालयाची संजीवनी जाधव त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत 5,000 मीटरचे कांस्यपदक आणि तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 10,000 मीटरचे रौप्यपदक घेऊन आली. 800 मीटरची अंजना ठमके, त्यानंतरची ताई बाम्हणे, अशी नावे एकामागून एक पुढे येत राहिली. आखाडे, मल्लखांब आणि सैनिकी शिक्षणासाठी ओळखले जाणारे हे तीर्थक्षेत्र लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींचे शहर म्हणून देशाला माहीत झाले.

या मुली कोठून आल्या, हे नीट पाहिले पाहिजे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, चांदवड. बहुतेक घरे शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, काही जनजातींची. सह्याद्रीच्या उतारावरच्या पाड्यांत चालणे आणि चढणे हा व्यायाम नसून दिनक्रमच असतो. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन टेकडी चढणाऱ्या मुलीच्या फुप्फुसांना कोणत्याही व्यायामशाळेची गरज नसते. धावण्यासाठी बूट लागत नाहीत, अनवाणी धावता येते, म्हणून आपण हा खेळ निवडला, असे कविताने मुलाखतींतून सांगितले आहे. या वाक्याचे आपल्याकडे फार कौतुक झाले. वास्तविक त्याची लाज वाटायला हवी होती. ज्या मुलीला बूट मिळाले असते, तिने कदाचित हॉकीची काठी उचलली असती, कदाचित भालाही उचलला असता. निवड करता येणे, हीच तर संधी.

दारिद्र्याचे हे कौतुक आता थांबले पाहिजे. हरसूल परिसरातीलच शेंद्रीपाड्याच्या स्त्रिया नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून तोल सावरत पाणी आणताना 2022 च्या आरंभी दूरदर्शन-वाहिन्यांवर दिसल्या. मग धावपळ झाली, लोखंडी पूल बसवला गेला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. जगाच्या नकाशावर हरसूलचे नाव नेणाऱ्या मुलीला बारा वर्षे उलटून गेली होती. तिच्या नावाने मिरवणुका काढणाऱ्या व्यवस्थेला तिच्या परिसरातील एक ओढा नीट ओलांडता येण्याजोगा करता आला नव्हता. खेळाचा आणि पुलाचा काय संबंध, असे कोणी विचारेल. पाड्यावरच्या मुलीचा सरावाचा वेळ पाण्याच्या खेपांत जातो, हा संबंध आहे.

तरीही साखळी टिकली, कारण कविताच्या यशाने पाड्यांवरच्या आईबापांच्या मनात एक हिशेब बदलला. सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलीचे लग्न उरकून टाकण्याऐवजी तिला नाशिकला पाठवता येते, ती पदक आणते, तिला नोकरी लागते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. बालविवाहाविरुद्ध भिंतींवर रंगवलेल्या शेकडो घोषणांनी जे साधले नसते, ते एका मुलीच्या घरी परत येण्याने साधले. सुरगाणा तालुक्यातील अलंगुणसारख्या गावातून खो-खोच्या मैदानावर नाव काढणाऱ्या मुली पुढे आल्या, त्यामागेही हीच प्रेरणा आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, तेव्हापासून तर या मातीतल्या खेळालाही आंतरराष्ट्रीय दर्जा आला आहे. सिन्नरच्या माया सोनवणेने आपल्या लेगस्पिनच्या अजब शैलीने 2022 मध्ये महिलांच्या टी-20 चॅलेंज स्पर्धेत लक्ष वेधून घेतल्यापासून जिल्ह्यातील क्रिकेटच्या मैदानांवरही मुली दिसू लागल्या.

साखळीतील कच्चे दुवे

परंतु साखळी आपोआप मजबूत राहत नाही. महाराष्ट्र शासनाने 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले आहे आणि असामान्य कामगिरी करणाऱ्यांना थेट नियुक्ती देण्याचे धोरणही आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत गेली आणि तिला महसूल खात्यात अधिकारपद मिळाले. हे योग्यच झाले. कविता ओएनजीसीच्या सेवेत होती. पण राज्य शासनाच्या सेवेतील नियुक्तीसाठी तिला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. ऑगस्ट 2024 मध्ये, पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आलेल्या स्वप्निल कुसाळेवर कौतुकाचा वर्षाव चालू असताना तिने आपली ही व्यथा जाहीरपणे मांडली. स्वप्निलला जे मिळाले, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. नियम जर एक आहे, तर तो सर्वांना सारखा आणि वेळेवर का लागू होत नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. असा प्रश्न अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या धावपटूला पत्रकारांपुढे विचारावा लागतो, तेव्हा तो पाड्यावरच्या बापाच्याही कानी जातो. ज्या हिशेबाने त्याने मुलीला नाशिकला पाठवले, तो हिशेब पुन्हा डळमळतो.

दुसरा दुवा ज्ञानाचा आहे. 2018 साली घेतलेल्या नमुन्यात प्रतिबंधित द्रव्य आढळल्यामुळे संजीवनी जाधववर दोन वर्षांची बंदी आली. बंदी संपवून ती पुन्हा धावमार्गावर उतरली, हे तिच्या जिद्दीचे. पण आपल्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीची आणि पूडीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूचीच असते, तिथे अज्ञानाची सबब चालत नाही. ग्रामीण भागातून आलेल्या मुलीला आहारतज्ज्ञ नाही, क्रीडावैद्य नाही, मराठीत समजेल अशी माहितीपुस्तिका नाही. घोट्याच्या दुखापतीवर ती गावच्या औषधाच्या दुकानातून गोळी आणते. इथे ज्येष्ठ खेळाडूंच्या शब्दाला जे वजन आहे, ते कोणत्याही परिपत्रकाला येणार नाही. त्यांना उद्घाटनाच्या फिती कापायला बोलावण्याऐवजी वर्षातून चार वेळा वसतिगृहातील मुलींपुढे बोलायला बोलावले, तर त्या कीर्तीचे चीज होईल.

तिसरा दुवा नाजूक आहे आणि म्हणूनच त्याविषयी मौन बाळगले जाते. मुलगी सरावाला जाते, शिबिराला जाते, परगावी स्पर्धेला जाते. तिथे ती सुरक्षित आहे का? 2023 साली नामवंत महिला कुस्तीपटू दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या, तो प्रसंग अनेकांना राजकारणाचा वाटला. त्या तक्रारींचे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याचा निवाडा करणे हे न्यायालयाचेच काम. पण ज्यांना पदके होती, नाव होते, त्यांनी तोंड उघडले म्हणून गावोगावच्या अनाम मुलींच्या आईबापांना हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आले, हे नाकारता येणार नाही. महिला प्रशिक्षिका, महिला व्यवस्थापक, तक्रार निवारण समिती या गोष्टी कागदावर नव्हे, तर मैदानावर दिसल्या पाहिजेत. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या समाजाने याबाबतीत इतरांपेक्षा अधिक काटेकोर असायला हवे.

उंबरठ्याच्या आत

आता एक प्रश्न नाशिक शहरातील सुखवस्तू घरांना. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर येथील घरांत मुलींना बूट आहेत, सायकल आहे, पौष्टिक आहार आहे. मग पदकांच्या यादीत या घरांतील मुलींची नावे इतकी कमी का? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. आठवीपर्यंत मुलगी जलतरणाला जाते, जिम्नॅस्टिक्सला जाते, तिची प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात. नववीत गेली, की शिकवणी सुरू होते. दहावीला मैदान बंद. उन्हाने रंग काळवंडेल, पायाला खूण राहील, पुढे स्थळे बघताना अडचण येईल, अशी कारणे हळू आवाजात सांगितली जातात. मुलाला मात्र ‘दहावी झाली की परत खेळ’ असे सांगितले जाते आणि तो खेळतोही.

याच नाशिकमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे भवन आहे. 1936 साली वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा दंड आणि योगचाप मुलींच्या हाती देण्यावर आपल्याच आप्तेष्टांनी कमी टीका केली नव्हती. त्यांनी ती ऐकून घेतली आणि शाखा चालू ठेवल्या. झाशीच्या राणीची तसबीर दिवाणखान्यात लावायची आणि घरातल्या मुलीला पहाटे पाच वाजता मैदानावर जाऊ द्यायचे नाही, ही विसंगती त्या पिढीने सोडवली होती. पुढच्या पिढ्यांनी ती पुन्हा घरात आणून ठेवली, असे खेदाने म्हणावे लागते. अभ्यास महत्त्वाचा आहेच. परंतु सकाळचे दीड तास मैदानावर घालवून गुण कमी पडले, असे उदाहरण शोधायला गेले तर फार सापडणार नाही. दूरदर्शनसमोर आणि भ्रमणध्वनीवर जाणाऱ्या दीड तासाची चर्चा मात्र कोणी करत नाही.

सुदैवाने काही घरांत चित्र पालटते आहे. 2022 मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, 2023 मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. खेळातून मुलगी उपजीविका करू शकते, हे क्रिकेटपुरते तरी मध्यमवर्गाला पटू लागले आहे. मात्र धावणे, खो-खो, कुस्ती, नौकानयन यांत ती हमी नाही. आणि पाड्यावरच्या मुलींना उपलब्ध असतात, ते हेच खेळ.

2026-27 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात रस्ते, घाट आणि पूल यांवर मोठा खर्च होतो आहे. तो व्हायलाच हवा. कोट्यवधी भाविकांची ती सोय आहे. त्र्यंबकेश्वरवरून पुढे घाट उतरला, की हरसूल येते. राज्याच्या आदिवासी विकास खात्याचे आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे, तेव्हा फाइल फार लांब न्यावी लागणार नाही. हरसूलला मुलींसाठी शंभर खाटांचे वसतिगृह, चारशे मीटरचा साधा मातीचा पण नीट आखलेला धावमार्ग, एक महिला प्रशिक्षिका, एक आहार पाहणारी अधीक्षिका आणि आठवड्यातून एकदा येणारा क्रीडावैद्य. मागणी एवढीच आहे. सिंहस्थाच्या खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. शहरातील ज्या संस्था दरवर्षी क्रीडादिनाला सत्कार समारंभ करतात, त्यांनी एका वर्षीचे सभागृह, हार आणि भोजन यांचा खर्च बाजूला काढला, तर निदान पहिल्या तुकडीचे बूट येतील.

आणि त्या वसतिगृहाच्या पहिल्या निवड समितीवर पदाधिकाऱ्यांना नव्हे, तर कविता, मोनिका आणि संजीवनी यांना बसवावे. कोणत्या मुलीच्या पायात दहा किलोमीटर आहेत, हे त्यांना कागद न पाहता कळेल.